पट्टी मंडळीची

सर्वांना जय ख्रिस्त. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मराठी गीतांना कॉर्ड कसे लावावेत’. तिकडे येतोच. पण नाताळ तोंडावर आलाय आणि समोर नाशिकच्या मंडळ्यांमधले, म्हणजे चर्चमधले, इतके वाजवणारे बसलेत, तर आधी पट्टीचं, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा त्याचं, बोलू द्या. ते माझ्या मनात फार दिवस साठलंय.

मागे एका मंडळीत नाताळच्या उपासनेला बसलो होतो. वाजवायला नव्हतो, लोकांत होतो. कीबोर्डवर एक तयारीचा मुलगा. ‘शांत रात्र’ सुरू झालं, पट्टी पांढरी दोन, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर ‘सा’, कारण मोबाईलवर ऐकलेलं गाणं त्या पट्टीत होतं. आता ही चाल बघा. मध्य ‘सा’पासून थेट तार ‘म’पर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘म’पर्यंत, जाते. पहिल्या ओळी पंचमाभोवती निवांत फिरतात, म्हणून सुरुवातीला कुणालाच काही जाणवत नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत तो तार ‘म’ येतो. माझ्या शेजारी शाल गुंडाळलेल्या एक आजी होत्या. पुस्तक न उघडता गात होत्या, सगळी कडवी पाठ. त्या ओळीला त्यांचे ओठ मिटले. पुढच्या कडव्याला त्या आधीच थांबल्या आणि तिसऱ्याला गायल्याच नाहीत. मागे वळून पाहिलं तर अर्धी मंडळी तशीच. गात होते फक्त माईकवाले. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. वर्षभर वाट पाहिलेलं गाणं आजींच्या तोंडून निघून गेलं, आणि सुधारणा होती एका बटणाची. ट्रान्सपोज, म्हणजे अख्खी पट्टी वर-खाली सरकवणारं बटण, उणे चार करा, झाली खालची काळी पाच.

कुणी म्हणेल, मूळ चालच पांढरी दोनची आहे. बरोबर. 1818 साली संगीतकार ग्रूबरनं ती तशीच बांधली. पण बांधली होती दोन गायकांसाठी, गिटारच्या साथीवर. बाकीच्यांनी फक्त शेवटच्या ओळी उचलायच्या होत्या. आपल्याकडे पहिल्या अक्षरापासून सगळं देऊळ गातं. त्यात नाशिकची डिसेंबरची थंडी. आदल्या रात्री शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कॅरोल राऊंड करून पोरांचे घसे बसलेले असतात. अशा सकाळी ‘जॉय टू द वर्ल्ड’ची चाल तार ‘सा’वरूनच सुरू होते आणि पायरी पायरीनं पूर्ण सप्तक उतरते. पहिलाच सूर लागला नाही तर उतरायचं कुठून?

पायपेटीवर वाजवणाऱ्या जुन्या लोकांकडे ट्रान्सपोज नव्हतं. ते पहिल्या कडव्यात कान लोकांकडे ठेवायचे आणि दुसरं कडवं खालच्या पट्टीत घ्यायचे, बोटं बदलून. आपल्याकडे बटण आहे, तर कान जास्त लागले पाहिजेत. आणि ऑटो ऱ्हिदम, म्हणजे कीबोर्डचा आपोआप वाजणारा ठेका, बंद ठेवा. यंत्र कडव्यांमध्ये श्वास घेत नाही, माणसांना तो लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, कॉर्ड, म्हणजे एकत्र धरलेले सूर.

आपल्या ओव्या-अभंगांच्या चालींना पाश्चात्त्य हिम्नसारखे तीन कॉर्ड फिरवू नका. भूप रागातली चाल घ्या. तिच्यात ‘म’ आणि ‘नि’ नाहीत. तुम्ही मध्यमाचा कॉर्ड धरलात की ‘म’ घुसला, पंचमाचा धरलात की ‘नि’ घुसला. गाणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण तो अडखळतो. भूपात पूर्ण बसतात दोनच: ‘सा ग प’ आणि ‘ध सा ग’. तेवढ्यावर अख्खं गीत निघतं. जिथे गंधार कोमल-शुद्ध होतो तिथे कॉर्डमधून गंधारच काढा, डाव्या हातात नुसते ‘सा प’ धरा, वर हलकी स्ट्रिंग्ज. डावा हात ठोकू नका, तिथे ढोलकी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांना हे फार लागू पडतं. ती टाळांवर म्हणायची गाणी आहेत, त्यांना मोकळी जागा लागते.

कोमल निषादाच्या चालींचं राहिलं. कीबोर्ड इथेच लावून ठेवलाय. चहानंतर आपापल्या मंडळीतली एकेक चाल घेऊन या, पट्टीपासून बसवून बघू.