जीव लागत नाही : मनाच्या दुखण्याची मराठी

[दृश्य : सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. सकाळची वेळ. केसपेपर हातात घेऊन बाकांवर बसलेली माणसे.]

या रांगेत मनाच्या आजाराने त्रासलेला माणूसही बसलेला असतो, पण ‘मला नैराश्य आले आहे’ असे तो सहसा सांगत नाही. अंगात त्राण उरलेले नाही, डोके जड असते, छातीत धडधडते, डोळ्याला डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही आणि कशातच जीव लागत नाही, असे तो सांगतो. मग रक्त तपासले जाते, ईसीजी काढला जातो, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि तो घरी परततो. आपल्या परीने त्याने सगळे सांगितलेले असते, पण ते नोंदवून घ्यायला केसपेपरवर रकाना नसतो.

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारते. त्यांतील चार प्रश्न कामातील रस, झोप, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे आहेत. मराठी माणूस या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच क्रियापदाने देतो : जीव लागत नाही, डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही, लक्ष लागत नाही. शिवाय एखाद्याचे बोलणे मनाला लागते, मुलीच्या काळजीने घोर लागतो, संध्याकाळी उगीचच हुरहूर लागते. ‘लागणे’ या साध्या शब्दात आपल्या भाषेने माणसाचे जगाशी असलेले धागे जपून ठेवले आहेत, आणि ते धागे तुटू लागले की काय होते, हेही त्यातच नोंदवले आहे. मनाविषयी बोलायला मराठीत शब्द नाहीत, असे जे वारंवार म्हटले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. धसका घेणे, हाय खाणे, मन उडणे, जीव वरखाली होणे हे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जुने आहेत आणि आजही घराघरांत जिवंत आहेत.

अडचण येते ती पुढे. ‘त्याला वेड लागले’ या वाक्यात वेड बाहेरून येते, ताप यावा तसे, आणि जे आले ते जाऊही शकते. ‘तो वेडा आहे’ या वाक्यात मात्र आजार आणि माणूस यांच्यामध्ये फटच उरत नाही. ‘टेन्शन आले आहे’ आणि ‘वेडा झाला आहे’ यांच्या मधली जागा आपल्या रोजच्या बोलण्यात फार काळ रिकामी राहिली. म्हणूनच मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याचा विषय निघाला की ‘आमचा मुलगा काही वेडा नाही’ असे उत्तर येते आणि उपचारांची कितीतरी वर्षे हातची जातात. ती रिकामी जागा अनेक ठिकाणी ‘बाहेरचे’, ‘बाधा’, ‘करणी’ या शब्दांनी भरून काढली. ते शब्द आजाराचे कारण चुकीचे सांगत होते, पण घाबरलेल्या घराला काहीतरी नाव आणि कुठेतरी जाण्याची वाट देत होते, हे मान्य केल्याशिवाय त्यांच्या जागी दुसरा शब्द रुजवता येणार नाही.

कायद्याची भाषाही फार वेगळी नव्हती. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये माणसासाठी ‘ल्युनॅटिक’, म्हणजे वेडा, हाच शब्द होता आणि १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये लागू होईपर्यंत तो टिकून राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र भाषेलाच हक्काचा दर्जा दिला : उपचाराचे फायदे, धोके आणि पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने सांगितल्यानंतर घेतलेली संमती हीच या कायद्याच्या दृष्टीने संमती होय.

[दृश्य : पुणे. खुर्च्यांचे वर्तुळ, चहाचे कप. वयस्क आईवडील बोलत आहेत. चेहरे दाखवलेले नाहीत.]

स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराविषयी काम करणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पुण्यात १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या कामातून दोन शब्द मराठीत रुळले : आजाराशी झुंजणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या पुण्यातील गटानेही हे शब्द आपलेसे केले. वीस वर्षे मुलाचे औषधपाणी सांभाळणाऱ्या आईला आपल्या कामाचे नाव मिळते आणि त्याच नावाच्या इतर माणसांमध्ये तिला बसता येते, तेव्हा तिच्या बोलण्यातला संकोच कमी होतो. जपानमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनीच स्किझोफ्रेनियाच्या नावाला हरकत घेतली होती, कारण त्याचा जपानी अर्थ ‘मन दुभंगण्याचा रोग’ असा होत होता. २००२ मध्ये ते नाव बदलले गेले आणि त्यानंतर डॉक्टर रुग्णांना निदान अधिक मोकळेपणाने सांगू लागले. स्किझोफ्रेनियासाठी आपल्याकडे वापरला जाणारा ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही असाच घाबरवतो, आणि एका माणसात दोन माणसे राहतात असा गैरसमजही करून देतो.

[दृश्य : गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र. मग अमरावती जिल्ह्यातील कपाशीचे शेत.]

मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९० च्या दशकात झिम्बाब्वेतील हरारे येथे काम करत होते. तेथील शोना भाषेत लोक आपल्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे विचार फार होणे. आपल्याकडची बाई ‘डोक्यात नुसते विचार येतात’ म्हणते, ते याहून काय वेगळे आहे? १९९६ मध्ये पटेल यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगत’ ही संस्था उभी केली. तिच्या एका मोठ्या प्रकल्पाचे नावच ‘मनशांती सुधार शोध’ असे होते. त्यात स्थानिक, डॉक्टर नसलेले, प्रशिक्षित समुपदेशक लोकांशी बोलत, आणि बोलण्याची सुरुवात आजाराच्या नावाऐवजी ‘टेन्शन’पासून होई.

विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेल्या कार्यक्रमाच्या नावातही आजार नव्हता, ताण आणि आरोग्य होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव झाले ‘विश्राम’. गेल्या दशकात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हे संवाद केले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या दर १०० माणसांपैकी साधारण ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७ पर्यंत गेले. मदत जवळ आली हे याचे मोठे कारण आहे, पण दारात आलेला माणूस कोणत्या शब्दाने बोलायला लागतो, यावर दार किती उघडते हे ठरते, असे मला वाटते.

तरीही आजाराचे नाव टाळून चालणार नाही. ‘निराशा’ परीक्षेच्या निकालाने येते आणि ओसरते. ‘नैराश्य’ दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, माणसाची झोप, भूक आणि काम यांवर पकड ठेवते, आणि त्यावर उपचार आहेत. रविवार संपला म्हणून ‘डिप्रेशन आले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा खरोखरीचे डिप्रेशन असलेल्या माणसाचे वाक्य आपण त्याच्याकडून काढून घेत असतो.

[दृश्य : रात्र. चाळीतील एका खोलीत दिवा जळतो आहे.]

पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. मराठीत तो विचार बहुधा आडून येतो : ‘आता नको झाले आहे’, ‘यातून सुटलो तर बरे’. हे ऐकल्यावर ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ आणि मायेने विचारल्याने तो विचार मनात नव्याने पेरला जात नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. उलट, इतके दिवस एकट्याने बाळगलेले ओझे माणसाला समोर ठेवता येते. त्यानंतर त्याला एकटे न सोडता मदतीपर्यंत नेता येते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. फोन करताना आजाराचे नाव माहीत असावे लागत नाही. ‘कशातच जीव लागत नाही’ एवढे सांगितले तरी चालते.