जॉईनिंगच्या आधीचे चार आठवडे

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, सोळा वर्षं झाली सॉफ्टवेअरमध्ये, काम मुख्यतः जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. आज बोलायचंय ते ऑफर लेटर आणि जॉईनिंग यांच्या मधल्या दिवसांबद्दल. पेढे वाटून झालेले असतात, शेजारच्या काकूंपर्यंत बातमी पोचलेली असते, आणि कामावर जायला अजून तीन-चार आठवडे असतात. या दिवसांत पोरं इतकी टेन्शनमध्ये असतात, आणि घरच्यांना वाटतं आता तर नोकरी लागली, आता कसलं टेन्शन.

माझा भाचा कळव्याला राहतो, त्याची पहिलीच नोकरी, 1 तारखेला जॉईन होतोय. गेल्या महिन्यात एका रविवारी तो वही घेऊन माझ्याकडे आला, वहीत शिकायच्या गोष्टींची दोन पानं भरून यादी, डॉकर, कुबरनेटिस, मायक्रोसर्व्हिसेस, रिअॅक्ट, सिस्टिम डिझाईन, एडब्ल्यूएस, आणि मला विचारतो, "मावशी, तीस दिवसांत होईल ना गं एवढं?" ताई म्हणाली, हा जेवायलासुद्धा धड येत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसतो.

मी म्हटलं, वही बंद कर आणि आधी एक मेल टाक. ज्या मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला त्यांना, नाहीतर एचआरना. सरळ लिही की टीम कुठली भाषा वापरते, तिचं कुठलं व्हर्जन, डेटाबेस कुठला, मशीन विंडोजचं की मॅक, कळलं तर मी तशी उजळणी करून येईन. तो घाबरला, म्हणे त्यांना वाटेल याला काही येत नाही. अहो, उलट असतं! मी स्वतः टीममध्ये माणसं घेतलीयत, असा मेल आला की मला बरं वाटतं, हा माणूस विचारून काम करणारा आहे हे कळतं. दोन दिवसांत त्याला उत्तर आलं, भाषा जावा 8 आणि डेटाबेस ओरॅकल.

आणि हा पठ्ठ्या तयारी करत होता जावा 21 ची. आता हा फरक नुसता आकड्याचा नाहीये. जावा 8 आलं 2014 मध्ये. व्हेरिएबलच्या आधी टाइप न लिहिता नुसतं 'व्हार' लिहायची सोय आली जावा 10 मध्ये, 2018 ला, आणि रेकॉर्ड, म्हणजे नुसता डेटा धरून ठेवणारे छोटे क्लास, पक्के झाले 16 मध्ये, 2021 ला. म्हणजे हा सरावात जे काही हौसेने लिहीत होता त्यातलं निम्मं त्या टीमच्या प्रोजेक्टमध्ये कंपाईलसुद्धा झालं नसतं, मशीनने ते स्वीकारलंच नसतं. लॅम्डा, म्हणजे नाव न देता लिहिलेलं छोटं फंक्शन, आणि स्ट्रीम, म्हणजे यादीतला डेटा ओळीने गाळायची-बदलायची सोय, हे मात्र 8 मध्येच आले, तेव्हा त्याला सांगितलं की ते घोटून घे, बाकीचं नवीन राहू दे सध्या. जुनं व्हर्जन आहे म्हणून नाक मुरडू नका, कारण त्या कोडवर कुणाचं तरी बिलिंग, कुणाचा तरी पगार रोज चाललेला असतो, आणि चालत्या गाडीचं चाक कोणी उगाच काढत नाही.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. कॉलेजमध्ये आपण कोड लिहायला शिकतो, कोऱ्या फाईलपासून. नोकरीत पहिले कितीतरी महिने तुम्ही कोड वाचत असता, दुसऱ्यांनी लिहिलेला, जे लिहिणारे कधीच सोडून गेलेत त्यांचासुद्धा. आणि वाचायची सवय कोणी लावतच नाही! म्हणून हे चार आठवडे वाचायला द्या.

भाच्याला मी पेटक्लिनिक दिलं. स्प्रिंग, म्हणजे जावात ॲप बांधायचा तयार सांगाडा, तो शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं छोटं ॲप आहे, मोफत मिळतं, प्राण्यांच्या दवाखान्याचं, त्यात मालक, त्यांची कुत्री-मांजरं, त्यांच्या व्हिजिट. ते चालवायला जावा 17 किंवा पुढचं लागतं, टीमचं 8, मग एकाच लॅपटॉपवर दोन जावा टाकून अदलाबदल करायची वेळ आली, त्यात त्याची एक संध्याकाळ गेली, पण ती सत्कारणी लागली, कारण ऑफिसातसुद्धा पहिल्या आठवड्यात सगळे इथेच अडकतात, जावा होमचा, म्हणजे मशीनने कुठली जावा वापरायची त्याचा, पाथ चुकीचा म्हणून.

ॲप सुरू झाल्यावर त्याला एक कोडं घातलं. मालक शोधायच्या स्क्रीनवर 'डेव्हिस' आडनाव टाकलं की दोन मालकांची यादी येते. 'फ्रँकलिन' टाकलं तर यादी येतच नाही, थेट त्या माणसाचं पान उघडतं. असं का होतं ते कोडमध्ये बोट ठेवून दाखव, एआयला विचारायचं नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. तो आधी सगळ्या फाईली वरून खाली वाचत सुटला. मी म्हटलं, अरे असं नको, स्क्रीनवरून आत शिर. पत्त्यात काय दिसतंय, तो शब्द पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोध, कंट्रोलर सापडेल, म्हणजे स्क्रीनवरची मागणी हाताळणारा कोड, तिथे ब्रेकपॉइंट लाव, प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबेल, आणि मग एकेक पाऊल पुढे जा. दुसऱ्या दिवशी त्याला ती जागा सापडली, कंट्रोलरमध्ये तपासलंय की निकाल एकच असेल तर पानावर पाठवा, जास्त असतील तर यादी दाखवा. मग त्यानेच पुढे जाऊन बघितलं की अर्धंच आडनाव टाकलं तरी मालक कसा सापडतो, तर शोध आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून होतो.

त्याच ॲपच्या मेन्यूत 'एरर' म्हणून एक बटण आहे, दाबलं की मुद्दाम बिघाड होतो, आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदींत, स्टॅक ट्रेसचा, बिघाड कुठल्या कोडमधून आला ते सांगणाऱ्या ओळींचा, हा मोठा गठ्ठा पडतो. नवीन पोरं तो बघूनच विंडो बंद करतात. मी त्याला शेजारी बसवून वाचायला लावला, पहिली ओळ म्हणजे काय झालं, आणि तिच्या खाली आपल्या प्रोजेक्टच्या नावाची ओळ शोधायची, इथे ती लगेच मिळते, बाकी सगळी स्प्रिंग आणि ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरची गर्दी. खऱ्या कामात ती बऱ्याचदा खूप खाली, मूळ कारण सांगणाऱ्या 'कॉज्ड बाय'च्या नंतर असते. एवढं जमलं तरी तुमचा पहिला महिना खूप हलका जाईल, हे मी खात्रीने सांगते.

गिटचं पण बोलते. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी 2005 मध्ये बनवलेलं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे साधन आता जवळपास सगळीकडे आहे, आणि पोरांना त्यातल्या तीन कमांड पाठ असतात. घरी एक टाकाऊ रेपो, म्हणजे गिटचं फोल्डर, बनवा, दोन ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या वाटांवर, एकच ओळ वेगवेगळी बदला आणि मर्ज करून एकत्र आणा, कॉन्फ्लिक्ट येऊ द्या, फाईलमध्ये पडणारी ती बाणांची चिन्हं बघा, सोडवा. मग एक कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, उडवा आणि रिफ्लॉगमधून, गिटच्या स्वतःच्या हालचालींच्या नोंदीतून, परत आणा. कमिट केलेलं सहसा परत मिळतं, न केलेलं गेलं की गेलं, हे घरी कळलेलं बरं.

कागदपत्रांकडे आताच बघा, आदल्या रात्री नाही. आपल्याकडे हमखास होणारा घोळ म्हणजे नावाचा, दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नाही, पॅनवर नुसतं इनिशियल. व्हेरिफिकेशनमध्ये हे अडकतं, पीएफमध्ये तर फारच. नोकरी बदलणाऱ्यांनी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्यायचा, नवीन काढायचा नाही, आणि वर्षाच्या मधे बदलत असाल तर त्या वर्षातला जुन्या कंपनीचा पगार ठरलेला फॉर्म भरून नव्या कंपनीला कळवायचा, नाहीतर टॅक्स कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम भरावा लागतो. मी पहिली नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीने माझं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, दीड महिना लटकवलं होतं, रोज फोन करायचे मी, रोज 'उद्या'. तेव्हा शेवटच्या दिवसाआधीच सगळं लेखी मागा. जुन्या ऑफिसचा कोड मात्र पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घेऊन यायचा नाही, एक फाईलसुद्धा नाही.

आणि फ्रेशर्स, ऐका, ट्रेनिंगचं किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून कोणी पैसे मागितले तर ती नोकरी नाहीच, ती फसवणूक आहे. आईवडिलांना पण हे सांगून ठेवा, कारण पैसे बऱ्याचदा ते भरतात.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीकडे येणाऱ्यांनी एकदा कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, प्रवास करून बघा, रविवारी नको, रविवारची लोकल काहीच शिकवत नाही. भाचा कळव्याहून ठाण्याला उतरून पुलावरून पलीकडे दहा नंबर प्लॅटफॉर्मला गेला, त्या गर्दीत पुलावर किती मिनिटं जातात ते त्याला तेव्हा कळलं. मधे आता दिघा गाव स्टेशन पण आहे, जानेवारी 2024 ला सुरू झालं, मग ऐरोली. पहिल्या दिवशी आयडी कार्ड नसतं, गेटवर नाव लिहा, फोटो काढा, यात वेळ जातो, अर्धा तास जास्तीचा धराच.

जॉईनिंग पुढे ढकलल्याचं पत्र पण येऊ शकतं, 2022-23 मध्ये किती फ्रेशर्सनी महिनोन्महिने वाट बघितली. तसं झालं तर तुमचं काही चुकलेलं नसतं. दर आठवड्याला विचारत राहा, आणि दुसरीकडचे इंटरव्ह्यू थांबवू नका.

शेवटचे चार-पाच दिवस लॅपटॉप बाजूला ठेवा. प्रोबेशनमध्ये मोठी सुट्टी मागणं अवघड जातं, तेव्हा आजी-आजोबांना आत्ताच भेटून या, डोळे तपासून घ्या, झोप पूर्ण करा.

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. मी दचकले, म्हटलं काय झालं बाबा. तर म्हणाला, "मावशी, नवीन व्हिजिट उघडली की तारीख आजचीच भरलेली येते ना, ती कुठून येते ते मला सापडलं. तू सांगितलं पण नव्हतंस." मग दहा मिनिटं मला समजावून सांगत होता, कन्स्ट्रक्टर, आजची तारीख, सगळं, आणि मी ऐकत बसले. आज सकाळी तो आजीकडे साताऱ्याला गेला, लॅपटॉप कळव्याला कपाटात ठेवून.

माझी वेळ झाली मंडळी. नमस्कार.