कोओलाऊ आणि कोना

(दृश्य : हवाईचं ओआहू बेट, पहाट. उभ्या हिरव्या कड्यांवर ढगांची रांग.)

पहाटेचे पाच वाजलेत. ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावर आत्ताच एक सर येऊन गेली. दहा मिनिटं पडली असेल, फार तर पंधरा. पागोळ्या अजून थांबलेल्या नाहीत, आणि दूर समुद्रावर पुढच्या सरीचा करडा पडदा दिसू लागलाय. समोरचा डोंगर ओलांडला की होनोलुलू. अंतर सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही, पण तिथले रस्ते कोरडे ठणठणीत आहेत.

हवाईच्या भाषेत बेटाच्या या दोन बाजूंना दोन नावं आहेत. वारा अंगावर घेणारी बाजू कोओलाऊ, आणि डोंगराच्या आडोशाची बाजू कोना. कुठल्या बाजूला काय पिकेल, होडी कुठे लावायची, हे सगळं या दोन शब्दांत येतं. इथलं हवामान समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी, असं मला वाटतं.

(दृश्य : एकाच दिशेला झुकून वाढलेली झाडं. वाऱ्याचा आवाज.)

हा वारा ईशान्येकडून येतो. हवाईच्या ईशान्येला, पॅसिफिकवर, जास्त दाबाचा एक मोठा प्रदेश ठाण मांडून असतो. तिथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते. शाळेत आपण यांनाच व्यापारी वारे म्हणायला शिकलो. त्यांच्या इंग्रजी नावातल्या, ‘ट्रेड विंड्स’मधल्या ‘ट्रेड’चा जुना अर्थ मात्र ठरलेली वाट असा होता. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी 1686 मध्ये या वाऱ्यांचा नकाशा काढला, आणि पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांचा संबंध जॉर्ज हॅडली यांनी 1735 मध्ये जोडला. उन्हाळ्यात इथे दहापैकी आठ-नऊ दिवस हाच वारा असतो. हिवाळ्यात त्यात खंड पडतो.

आता पाऊस. हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली ही हवा दमट असते. डोंगर आडवा आला की ती वर चढते, थंड होते आणि बरसते. हा प्रतिरोध पर्जन्य आपल्या ओळखीचा. पण इथे आणखी एक गोष्ट घडते. साधारण दोन किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. खालचे ढग त्याला भेदून वर जाऊ शकत नाहीत, भांड्यावर झाकण ठेवावं तसे अडतात. म्हणून इथे बहुतेक दिवस गडगडाट नसतो. बुटके ढग येतात, सर टाकतात आणि पुढे सरकतात.

(दृश्य : काउआई. धुक्यात हरवलेलं वाइआलेआले.)

काउआई बेटावरचं वाइआलेआले शिखर 1,569 मीटर उंच आहे. म्हणजे झाकणाच्या खालीच. वारा ते पूर्ण ओलांडतो आणि जवळजवळ सगळं पाणी तिथेच रिकामं करतो. वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस!

हवाई नावाच्याच सगळ्यांत मोठ्या बेटावरचं मौना केआ शिखर 4,207 मीटर उंच. ते झाकण फोडून वर गेलंय. दमट हवा त्याच्या माथ्यावरून जातच नाही, दोन्ही अंगांनी वळसा घालते. म्हणून पायथ्याच्या हिलो गावात वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस, बहुतेक रात्री आणि पहाटे, तर माथा रखरखीत. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी याच कोरड्या, स्वच्छ आकाशासाठी तिथे उभ्या आहेत. शेजारच्या मौना लोआवर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय.

या दोन पर्वतांमागे वारा इतका पडतो की पश्चिमेचा कोना किनारा स्वतःच्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांवर चालतो. सकाळी ऊन, दुपारी समुद्राकडून वारा, डोंगरउतारावर ढग आणि संध्याकाळी सर. बाकी हवाईत पाऊस हिवाळ्याचा, इथे मात्र उन्हाळ्यात जास्त.

इथल्या लोकांनी पावसाला शेकडो नावं दिली आहेत. हिलोचा पाऊस कानिलेहुआ, मानोआ खोऱ्यातला तुआहिने. गाव सांगितलं की पाऊस कळतो, आणि पाऊस सांगितला की गाव.

(दृश्य : वाइमेआ उपसागर, हिवाळा. लाट उभी राहते, फुटते.)

आणि या लाटा? आपल्या अंगावरून वाहणारा वाराच त्या उठवत असेल, असं मलाही आधी वाटायचं. तो लाटा उठवतो, पण त्या पूर्व किनाऱ्यावरच्या आखूड, विस्कटलेल्या. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरची दोन-तीन मजली लाट जन्मते अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या किंवा जपानच्या बाजूच्या हिवाळी वादळात. त्या लांबलचक लाटांना सर्फर ‘स्वेल’ म्हणतात. त्या दिवसाला हजारेक किलोमीटर कापतात. या बेटांभोवती रुंद, उथळ समुद्रतळ नाही. त्यामुळे वाटेत फारसा जोर न गमावता त्या थेट खडकांवर येऊन आदळतात.

उन्हाळ्यात उत्तर किनारा तळ्यासारखा शांत होतो आणि पाळी होनोलुलूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वाइकीकीची येते. तिथल्या लाटा दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्याच्या. न्यूझीलंडजवळच्या वादळातून निघून त्या आठवडाभर प्रवास करतात. 1963 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं मांडून असा प्रवास खरोखर मोजला.

मग इथल्या वाऱ्याचं काम काय? लाटेला आकार देणं. वाइकीकीवर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो, तिचा कडा गुळगुळीत ठेवतो, तिला उशिरा फुटू देतो. सर्फरला यापेक्षा जास्त काही नको असतं. दक्षिणेकडून कोना वारा सुटला की तीच लाट मागून ढकलली जाते आणि फेसाळून कोसळते.

(दृश्य : निवांत किनारा, स्वच्छ ऊन. जीवरक्षकांचा मनोरा.)

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या लाटा थव्याने येतात. दोन थव्यांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं समुद्र अगदी निवांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हा खडकावर जाऊन उभा राहतो. पाण्याकडे पाठ करू नये. आधी वीस मिनिटं नुसतं बसून बघावं.

काउआईच्या वायव्येला, तीनशेहून जास्त किलोमीटरवर, एक बोया, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र, नांगरलेला आहे. लांब लाटा वेगवान असतात, म्हणून वादळाची खबर त्याच आधी आणतात. आज दुपारी बोयावर वीस सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा उमटल्या. उंची अजून हातभरही नाही. किनाऱ्यावर मुलं पोहताहेत, वारा मंद आहे. जीवरक्षकांनी मात्र लाल झेंडे बाहेर काढलेत. त्या लाटा इथे पोचायला अजून काही तास आहेत.