पंचवीस हजारांची फियाट

(सोलापुरातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर 'मूळ अवस्थेतील जुन्या मोटारीचे विम्यासाठी मूल्यांकन' असा विषय छापलेला आहे. तो वाचूनही आपण मे महिन्याच्या संध्याकाळी गच्चीवरचा वारा सोडून येथे आलात, याचा अर्थ मी असा लावतो की आपल्यापैकी पाच-सहा जणांच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली एखादी गाडी उभी आहे आणि ती एकदाची कधी निघणार, असे घरातील मंडळी विचारत आहेत. व्याख्यान त्या पाच-सहा जणांसाठी आहे. इतरांनी चहापर्यंत धीर धरावा.

मी ३४ वर्षे विमा कंपन्यांसाठी सर्वेक्षक म्हणून काम केले. मोडलेल्या गाडीभोवती फिरायचे, नुकसानीचा आकडा काढायचा आणि तो मालकाला पटणार नाही हे ठाऊक असताना खाली सही करायची, असे त्या कामाचे स्वरूप असते. या काळात माझ्या असे लक्षात आले की विम्याच्या व्यवहाराला गाड्यांचे दोनच प्रकार कळतात, एक नवी आणि दुसरी जुनी. जुनीला किंमत नसते, हेही त्याने गृहीत धरलेले असते. कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग, त्याच काचा, बैठकीचे तेच कापड अंगावर ठेवून साठ-सत्तर वर्षे काढलेली गाडी या दोन्हींत बसत नाही. गॅरेजमध्ये अशी गाडी नेली की मिस्त्री पहिले वाक्य उच्चारतो ते 'नवी करून देतो' हेच. नवी करणे म्हणजे मूळ रंग तासणे, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी भरणे, वर चकचकीत रंग मारणे आणि जे आतापर्यंत खरे होते ते कायमचे घालवणे. घरातील जुने इरकल लुगडे नव्या रंगात बुडवून आणल्यावर त्याची किंमत वाढली, असे आपल्या आजीने कधी म्हटले असते काय?

अशा गाड्या आपल्या भागात टिकतात, याचे श्रेय आपल्या हवेला आहे. रत्नागिरीकडच्या गाडीखाली वाकून पाहावे तर तळाचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला असतो, आणि सोलापूरच्या गाडीखाली पाहावे तर पत्रा खणखणीत असतो. मात्र आपले ऊन दारांचे रबर, काचांच्या पट्ट्या आणि टपावरचा रंग खाऊन टाकते. म्हणजे सोलापूरच्या गाडीचा सांगाडा धडधाकट आणि कातडी सुरकुतलेली, थोडक्यात या सभागृहातील आपल्यासारखीच. (हशा)

शिवाय या गावाचे मोटारींशी एक नाते आहे, ते अशा प्रसंगी सांगितले नाही तर कधी सांगायचे? वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला आणि त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली, आणि त्या पहिल्या घाटाच्या गाडीला महाराष्ट्राने 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. ते का ठेवले, हे गाडी एकदा पाहिल्यावर विचारावे लागत नाही. इंजिन १०८९ सीसीचे, गियरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढची दारे उलटी, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. नऊवारी नेसलेल्या माझ्या मामी त्या दारातून ज्या सहजतेने बसत, त्या सहजतेने त्यांना नंतरच्या कोणत्याही गाडीत बसता आले नाही.

मामींचा उल्लेख झालाच आहे, तर ज्यासाठी मी हा विषय निवडला ती हकीकत सांगतो.

माझ्या थोरल्या मामांचे सुताचे दुकान होते आणि त्यांच्याकडे १९५६ सालची डुक्कर फियाट होती. गाडी कधी रंगवली नाही, कारण मामांना खर्च नको होता. जुन्या वस्तू जपण्याचे बरेचसे श्रेय आपण रसिकतेला देतो, पण ते कंजुषीला द्यायला हवे. चालकाच्या बाजूच्या खिडकीखाली, जेथे मामांचे कोपर टेकत असे, तेथे हाताच्या पंजाएवढ्या जागेतला रंग झिजून खालचा तांबूस अस्तराचा रंग दिसत असे, आणि त्याच्याही मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा चकाकत असे. तेवढी जागा पाहून गाडी कोणी आणि कशी चालवली, हे सांगता येत होते.

विम्याचे नूतनीकरण करायचे झाले की मामा मला विचारत, "किंमत किती लावू?" आणि मी, म्हणजे ज्याला या गोष्टीचे शहाणपण असायला हवे होते तो मी, दर वर्षी म्हणत असे, "मामा, पंचवीस हजार लावा. हप्ता कमी बसेल." जुन्या दरपत्रकाप्रमाणे अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास येत असे. पंचवीस हजारांवर ८७५ रुपये आणि दोन लाखांवर ७,००० रुपये, म्हणजे वर्षाला सहा हजार वाचले, असा आमचा हिशेब. एका वर्षी कार्यालयातील संगणकाच्या यादीत ही गाडीच सापडेना, तेव्हा तेथील मुलाने जवळचे नाव म्हणून 'पद्मिनी' निवडले. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आले, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. पण चेसिस क्रमांक बरोबर होता, हप्ता कमी होता, आणि आम्ही दोघे खूश होतो.

२०१६ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि अंगणातील कडुनिंबाची फांदी गाडीवर कोसळली. टप खोलगट बसला, पुढची काच गेली, डावे मडगार्ड आत दबले. गाडी नात्यातली असल्याने सर्वेक्षण मला करता येत नव्हते. बाहेरगावाहून एक तरुण सर्वेक्षक आले. अत्यंत सभ्य, नेमके काम करणारे. मिस्त्रीने दुरुस्तीचा अंदाज ३१ हजारांचा दिला होता. तो बहुतांश मजुरीचा होता, कारण सुटे भाग मिळतच नसल्याने सगळे हाताने ठोकून काढायचे होते, आणि मजुरीवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही. त्यामुळे वजावटी करूनही आकडा २४ हजारांच्या घरात राहिला.

तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, ही टोटल लॉस होते."

मित्रहो, वाक्य बरोबर होते आणि तेच वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवले होते. नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, म्हणजे आपण ज्याला आयडीव्ही म्हणतो तिच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, की गाडी पूर्ण नष्ट झाली असे मानायचे. पंचवीस हजारांचे ७५ टक्के म्हणजे १८,७५०. जी गाडी त्या क्षणीसुद्धा किल्ली फिरवताच सुरू होत होती, ती कागदावर नष्ट झाली होती.

पुढचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. गाडी कंपनीच्या हवाली केली तर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम, एक हजार सोडून २४ हजार मिळणार. गाडी घरीच ठेवायची असेल तर भंगाराची किंमतही वजा होणार. त्यासाठी भंगारवाला आला. आठ-सव्वाआठशे किलोची गाडी, त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, कोपराने झिजलेल्या त्या जागेवर नखाने टकटक केले, पत्रा जाड आहे म्हणून समाधानाने मान डोलावली आणि १७ हजारांची बोली लिहून दिली. म्हणजे गाडी ठेवून मामांच्या हाती आले ७,००० रुपये. हीच पॉलिसी दोन लाखांची असती तर मर्यादा दीड लाखाची झाली असती, हा दावा साध्या दुरुस्तीचा ठरला असता, २३ हजार मिळाले असते आणि टोटल लॉस हा शब्द कोणी उच्चारला नसता.

मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, झाडाने नुसता टप मोडला. गाडी तू मोडलीस."

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की जुन्या गाडीची किंमत कमी लावणे ही हप्त्यातील बचत नव्हे. ती आपली गाडी पुढच्या लहानशा अपघाताला भंगाराच्या भावात विकून ठेवण्याची आगाऊ पावती आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तिच्यावर 'दहा मिनिटे' असे लिहिले आहे आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा पत्रिकेत ज्याचे आश्वासन दिले होते ते मूल्यांकन आता घाईने सांगतो; गाडीवाल्यांनी कागद काढावेत.

नव्या गाडीच्या किमतीला घसाऱ्याचा तक्ता असतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, तेथून वाढत पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो, आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले त्या गाड्यांनाही तो लागू नाही. तेथे किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. हा आपला हक्क आहे आणि आपण तो 'तुम्हीच काहीतरी लावा' म्हणून सोडून देतो. दुसरे असे, की एकदा ठरलेली ही रक्कम त्या वर्षभरासाठी बाजारभाव मानली जाते. चोरी किंवा पूर्ण नुकसान झाल्यास तिच्यावर पुन्हा घसारा कापत नाहीत. म्हणून भांडायचे ते पॉलिसी घेताना. दाव्याच्या वेळी भांडून उपयोग नाही.

आता आकडा काढायचा कसा? भंगाराचा भाव हा तळ आहे, तो विसरून जावे. गाडी नवी करण्याचा खर्चही किंमत म्हणून दाखवू नये, कारण आपण तो केलेला नाही आणि करू नये. धरायचा तो याच स्थितीतील, याच घाटाच्या गाड्यांना गिऱ्हाईक प्रत्यक्षात काय देते तो भाव. त्यातून जे नाही त्याची वजाबाकी आणि जे मूळचे आहे त्याची बेरीज करायची. येथे एक इशारा देतो. २०१५ साली पॅरिसच्या लिलावात, फ्रान्समधील एका शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली अनेक वर्षे पडून राहिलेली १९६१ ची फेरारी, धुळीसकट, १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. ही बातमी वाचून एक गृहस्थ आपली पद्मिनी घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांना मी चहा दिला.

मूळपणा सिद्ध करावा लागतो. रंग मूळचा आहे का, हे पाहण्याची साधी रीत म्हणजे लहान चुंबक आणि मध्ये कागद: मूळ रंगाखाली पत्रा लगेच ओढतो, लांबी भरलेल्या जागी चुंबक घसरून पडते. चेसिसची पाटी, इंजिनावरचा क्रमांक, काचेवरची खूण, मीटर, तळ, या सर्वांची छायाचित्रे तारखेसह काढावीत आणि गंज, पोचे, फाटलेली बैठकही लपवू नये. झीज आणि गंज यांची भरपाई पॉलिसीत नाही. आधीचा पोचा कागदावर असेल, तरच नवा पोचा नवा म्हणून सिद्ध होतो. परवानाधारक सर्वेक्षकाकडून लेखी मूल्यांकन घ्यावे, ते प्रस्तावासोबत जोडून पोच घ्यावी आणि दर वर्षी आकडा नव्याने पाहावा.

किंमत योग्य लावली तरी दुरुस्तीच्या दाव्यात दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातोच, रबरावरही ५० टक्के; काचेवर मात्र काही नाही. मूळ रंगाचा एक पत्रा नव्याने रंगवावा लागला म्हणून संपूर्ण गाडीची जी किंमत उतरते, ती कोणी देत नाही. आणि माळ्यावर ठेवलेले जादा कार्ब्युरेटर, हेडलाइटच्या कड्या, हे सगळे पॉलिसीबाहेर आहे. ती फक्त गाडीची आणि गाडीवर बसवलेल्या वस्तूंची असते.

शेवटचे, नोंदणीचे. जुन्या दरपत्रकात 'व्हिंटेज' म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची, संबंधित क्लबने प्रमाणित केलेली गाडी, आणि तिला हप्त्यात २५ टक्के सूट. मामांची गाडी त्या मानाने बाळच. २०२१ च्या केंद्रीय नियमात मात्र ५० वर्षांवरील आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५ हजार, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी नोंदणी झालेल्या खासगी मोटारीला तृतीय पक्ष विम्याच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात २०२२ पासून निम्मी सूट आहे. मात्र मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज मंडईत नेता येत नाही. ज्यांना रोज न्यायची आहे त्यांनी पंधरा वर्षांनंतरचे नेहमीचे नूतनीकरणच करत राहावे.

दुसरी चिठ्ठी आली आहे, ती मी वाचत नाही. मामा आता नाहीत. टप एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी लाकडी हातोडीने आतून ठोकून वर काढला आणि माझ्या विनंतीवरून त्यावर रंग मारला नाही. गाडी खाली फाटकाजवळ कडुनिंबापासून दूर उभी केली आहे, चहा घेताना पाहून घ्यावी. चुंबक माझ्या खिशात आहे, मागितल्यास देईन. पण मध्ये कागद धरल्याशिवाय कोणी ते पत्र्याला लावू नये, आणि चालकाच्या खिडकीखालच्या त्या जागेला तर लावूच नये.