आजीच्या रक्तावरून नातवंडाचा शोध

श्रोतेहो, नमस्कार.

डीएनए चाचणी म्हटली की खून, आरोपी आणि कोर्ट डोळ्यांपुढे येतं. मला मात्र या शास्त्राचं सगळ्यात मोठं काम अर्जेंटिनातल्या आज्यांनी करून घेतलं असं वाटतं.

1976 ते 1983 तिथं लष्करी राजवट होती. विरोधकांना घरातून उचलून नेत, ते परत येत नसत. त्यांत गरोदर बायकाही होत्या. त्या कोठडीत बाळंत झाल्या, पुढे त्यांना मारून टाकलं आणि बाळं परस्पर दुसऱ्यांच्या घरी दिली गेली. अशी सुमारे 500 मुलं असावीत, असा आज्यांच्या संघटनेचा अंदाज. 1977 साली या आज्या एकत्र आल्या. पेच असा, की आईबापच नाहीत, मग नातवंड आपलंच हे कोर्टात सिद्ध कसं करायचं?

मूल प्रत्येक आनुवंशिक खुणेची एक प्रत आईकडून घेतं, एक वडिलांकडून. त्या दोघांना त्या आजी-आजोबांकडूनच मिळालेल्या. म्हणजे चारही आजी-आजोबांचं रक्त मिळालं, तर मधली पिढी नसतानाही नातं किती संभवतं याचं गणित मांडता येतं. कोणी वारलं असेल तर काका, आत्या, मामा, मावशी यांचं रक्त घ्यायचं. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित बसवलं. 1984 मध्ये ते प्रथम वापरलं तेव्हा डीएनए थेट वाचलेला नव्हता. अवयवरोपणाआधी जुळवतात त्या, पेशींवरच्या खुणा तपासल्या होत्या.

नंतर किंगबाई मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या बारीक भागांतल्या, डीएनएकडे वळल्या. तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे आईची आई एकटी उरली असली, तरी तिचा आणि नातवंडाचा हा डीएनए जुळतो. जुळला नाही, तर त्या बाजूचं नातं जवळपास नाकारता येतं. नुसता जुळला म्हणून मात्र निकाल देता येत नाही, कारण त्याच मातृवंशातल्या दूरच्या माणसांतही तो सारखाच असू शकतो. तिथं इतर खुणांची जोड लागतेच. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. चुकीच्या घरी गेलेल्या मुलाला दुसऱ्यांदा चुकीच्या घरी पाठवायचं नव्हतं.

आज्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. त्यांच्यामागे शोध थांबू नये म्हणून 1987 मध्ये कायदा करून राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक स्थापन झाली. कुटुंबांनी रक्त देऊन ठेवलं. ती बाळं आता चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकली आहेत. जन्माबद्दल शंका आली, की त्यांतले काही जण स्वतःहून चाचणीला येतात आणि आजी हयात नसली तरी जुळणी होते. आजवर 130 हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. उरलेल्यांचा शोध चालू आहे.