नळीतला काळा ठिपका

(पडद्यावर सोनोग्राफीचं करडं चित्र)

पोटावर गार जेल, त्यावरून फिरणारा प्रोब. पित्ताशयातला खडा लगेच सापडतो: पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे लांब काळी सावली. पित्ताची पिशवी काढायचं ठरतं. सर्जनच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो. एखादा खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरला नसेल ना? तो मागे राहिला, तर ऑपरेशननंतर कावीळ, थंडी वाजून ताप, नाहीतर स्वादुपिंडाला सूज.

सोनोग्राफी नेमकी इथेच अडते. नळीचं खालचं टोक आतड्याच्या मागे जातं. आतड्यात हवा असते आणि हवेपलीकडे ध्वनिलहरी जात नाहीत. मोजता येते ती वरची रुंदी. पित्ताशय जागेवर असताना ती ६ मिलिमीटरहून जास्त भरली आणि रक्तात बिलिरुबिन हे काविळीचं पिवळं द्रव्यही वाढलेलं असलं, की संशय बळावतो. रिपोर्टात 'खडा दिसला नाही' असं लिहिलेलं असतं. ते तेवढंच वाचावं.

(एमआरआयची ठकठक)

एमआरसीपी म्हणजे एमआरआयनं काढलेलं पित्तनलिकांचं चित्र. त्यात शिरेतून औषध द्यावं लागत नाही. संथ पाणी उजळ दिसेल अशा बेतानं यंत्र लावलेलं असतं, म्हणून पित्तच पांढरं चमकतं. काळ्या पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या उमटतात, आणि खोडात कुठेतरी एक काळी पोकळी. तो खडा. कधी हवेचा बुडबुडाही तसाच फसवतो, आणि ५ मिलिमीटरहून बारीक खडे निसटू शकतात.

त्यांच्यासाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असलेली दुर्बीण तोंडावाटे थेट लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते; नळी तिथून अगदी लगत. ध्वनिलहर तीच, पण आता मधे हवा नाही!

ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडून एक्स-रे काढण्याची पद्धत, १९६८ सालची. १९७४पासून तिच्यातून नळीचं तोंड कापून खडे काढता येऊ लागले. पण तिच्यामुळेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्यामुळे नुसतं बघायला आता ती कुणी सहसा करत नाही.

(ऑपरेशन थिएटर)

तरीही शंका उरली, तर अर्जेंटिनाचे सर्जन मिरिझ्झी यांनी १९३०च्या दशकात रुळवलेली युक्ती: ऑपरेशन चालू असतानाच नळीत डाय सोडून एक्स-रे. सगळे पडद्याकडे बघतात. डाय खाली सरकतो, कुठे अडत नाही, आतड्यात उतरतो. पित्ताशयाची नळी बंद करायला सर्जन क्लिप मागतात.