फळ्यांखालचं नळकाम

(दृश्य : रात्र. नांगरावर उभी असलेली शिडाची नौका. आत एकच मंद दिवा.)

रात्रीचे दोन वाजलेत. सगळे झोपलेत, एकही नळ उघडा नाही. तरी फळ्यांखाली पाण्याचा पंप दोन सेकंद घुरघुरतो आणि गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरात असा आवाज आला तर आपण कूस बदलून झोपू. लांबच्या सफरीवर निघालेला माणूस मात्र उठून बसतो, कारण या आवाजाचा अर्थ एकच : गोडं पाणी कुठेतरी निसटतंय.

हा पंप 12 व्होल्टवर चालतो आणि दाबावर चालू-बंद होतो. नळ उघडला की पाइपमधला दाब उतरतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, पंप थांबतो. नळ न उघडताच तो सुरू होत असेल तर दाब परस्पर उतरतोय. एखादा जॉइंट गळत असेल, किंवा पंपाच्याच आतली झडप पाणी मागे टाकीत सोडत असेल. दोन्हींतला फरक कळायला पंपाच्या पुढे एक कॉक हवा. तो बंद करायचा आणि कान देऊन बसायचं. पंप तरीही मधूनमधून वाजला तर दोष त्याच्याच पोटात आहे. वाजला नाही तर गळती पुढच्या पाइपात.

(दृश्य : फळी उचलली जाते. टॉर्चच्या उजेडात निळे-लाल पाइप, प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचे तुकडे.)

पुढचं काम वर्तमानपत्राचं. प्रत्येक जॉइंटखाली एक कोरडा तुकडा सरकवायचा आणि तासाभराने पुन्हा बघायचं. थेंब डोळ्याला दिसत नाही, पण कागदावरचा डाग लपत नाही. गरम पाण्याची टाकी असेल तर तिच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे आधी बघावं. खूपदा चोर तिथेच सापडतो.

याच पंपाची उलटी तक्रारही असते : चालू झाला की थांबतच नाही आणि नळाला नुसती फुरफुर. टाकीत पाणी आहे ना, हे आधी बघायचं. हसू येईल, पण अनुभवी माणसंही हे विसरून थेट पंप खोलतात. टाकी भरलेली असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय. पंपाच्या आधी गाळणीची छोटी पारदर्शक वाटी असते. तिचं झाकण नीट बसलेलं नसतं किंवा रबरी रिंग चिरलेली असते. टाकीला हवा देणारी बारीक नळी मिठाने किंवा एखाद्या किड्याच्या घरट्याने बुजली असेल तरीही पाणी येईनासं होतं, आणि प्लास्टिकची टाकी असेल तर ती आत चेपते.

पाण्यासाठी एवढा जीव का टाकायचा, ते हिशोबावरून कळेल. आपल्या शहरांच्या पाणीपुरवठ्याचं ठरलेलं प्रमाण माणशी दिवसाला 135 लिटर. बारा मीटरच्या नौकेवर समजा 400 लिटरची टाकी आहे आणि दोन माणसं आहेत. शहरी हिशोबाने ती दीड दिवसात रिकामी होईल. माणशी दहा लिटरवर आलात तर वीस दिवस निघतात. म्हणूनच कित्येक जण वीजपंप असतानाही सिंकखाली पायाने दाबायचा पंप ठेवतात, आणि त्याच्या शेजारी खाऱ्या पाण्याचा दुसरा. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. माझं मत विचाराल तर नौकेवरची सगळ्यांत शहाणी वस्तू हा पायपंप. त्याला वीज लागत नाही, आणि नळ उघडा ठेवून दात घासायची सोय तो कुणालाच देत नाही.

(दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र. दोन डोलकाठ्यांची लाकडी नौका.)

मुंबईत सागवानात बांधलेली 32 फुटी 'सुहैली' घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता जगाला वळसा घालून 312 दिवसांनी परतले. दक्षिणेच्या वादळी समुद्रात नौका आडवी झाली आणि टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं. पुढचा प्रवास पावसाच्या पाण्याने तारला. शिडावरून ओघळणारं पाणी धरून ते साठवत गेले. आज दूर निघणाऱ्या नौकेत एका मोठ्या टाकीऐवजी दोन स्वतंत्र टाक्या आणि वर बांधलेले चार-सहा कॅन दिसतात, ते याच भीतीपोटी. दोन्ही टाक्या एकाच बंदरातल्या एकाच नळावर भरू नयेत, हा त्याचाच पुढचा भाग. पाणी दूषित निघालं तर निदान दुसरी टाकी शाबूत राहते.

(दृश्य : अरुंद संडास. हाताने मारायचा पंप, पांढरे जाड होज.)

आता खरा विषय. नौकेवर ज्याच्यावरून सर्वांत जास्त शिव्या हासडल्या जातात, तो संडास.

रचना समजली की निम्मी भीती जाते. दांडा वरखाली केला की एकाच हालचालीत समुद्राचं पाणी भांड्यात येतं आणि भांड्यातला मैला बाहेर ढकलला जातो. बाहेरच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. तिला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. चोच बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. रबर जुनं झालं, त्यावर क्षार बसला की चोच मिटत नाही.

भांड्यात आपोआप पाणी चढत असेल तर त्या पाण्याकडे नीट बघा. गढूळ असेल तर ते बाहेर जाणाऱ्या पाइपमधून परत येतंय, म्हणजे जोकर व्हॉल्व्ह गेला. स्वच्छ खारं असेल तर ते आत येणाऱ्या वाटेने येतंय, आणि हे जास्त गंभीर आहे. कित्येक नौकांत भांडं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं. एकदा पाइप भरून वाहायला लागला की समुद्र आपणहून आत येत राहतो, आणि त्याला थांबायचं काही कारण नसतं. बंदरात बांधून ठेवलेल्या नौका अशाने बुडाल्या आहेत.

(दृश्य : कपाटाचं दार उघडतं. आत उलट्या यू आकाराचा पाइप, माथ्यावर छोटी टोपी.)

त्यावरचा उपाय हा उलटा यू. पाइप पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन खाली आणलेला, नौका वाऱ्याने कलली तरी माथा वरच राहील इतका. माथ्यावरची झडप हवा आत घेते आणि वाहती धार तोडते. पण मिठाचा एक खडा अडकला की झडप चिकटते, आणि मग तो यू नुसता शोभेचा. टोपी काढा, कोमट गोड्या पाण्यात धुवा, फुंकर मारून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कपाटाच्या मागे असल्यामुळे ते वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

दांडा जड झाला तर जोर लावायचा नाही. आधी मैला बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा कॉक उघडा आहे का ते बघा. बंद कॉकवर पंप मारला तर होज फुटतो किंवा क्लिपमधून सुटतो, आणि पुढचं वर्णन मी करत नाही. कॉक उघडा असूनही जड असेल तर सील सुकलेत. सर्व्हिस किटमधले नवे घाला, सिलिकॉन ग्रीस लावा. तरीही फरक नाही? मग पाइप आतून भरलाय.

(दृश्य : कापलेल्या होजचा आडवा छेद. आत राखाडी-पांढरा जाड थर.)

हा बघा. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचा क्षार तयार होतो आणि थराथराने आत चिकटतो, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. 38 मिलिमीटरच्या पाइपात वाट उरते अंगठा जेमतेम जाईल एवढी. थर पातळ असताना व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं तर चालतं. एवढा जाड झाल्यावर पाइप काढायचा आणि धक्क्याच्या काँक्रीटवर आपटायचा, खपल्या पडतात. हे काम वाऱ्याकडे पाठ करून करावं. क्षार बसू नये असं वाटत असेल तर पंपाचे दांडे जास्त मारा, पाइपात काही रेंगाळू देऊ नका.

भांड्यात काय टाकायचं, याचा नियम सोपा : जे आधी पोटातून गेलेलं नाही ते यात जायचं नाही. कागदसुद्धा नाही, त्याला वेगळी पिशवी. इथे आपल्याकडची पाणी वापरायची सवय फार उपयोगी पडते. कागदाची सवय असलेल्या पाहुण्याला मात्र पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ते संभाषण दोघांनाही अवघड जातं.

वास येतोय? दोन शक्यता. सुट्टीनंतर पहिला दांडा मारताच सडक्या अंड्याचा भपका आला तर तो मैल्याचा नाही. आत येणाऱ्या पाइपात अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मेलेले असतात. नौका सोडून जाण्याआधी दोन तांबे गोडं पाणी त्या वाटेतून फिरवलं की भपका येत नाही. वास कायमचा असेल तर होजचं रबरच वास सोडत असेल. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं होजला गुंडाळा, थंड झालं की काढा आणि हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर अत्तर शिंपडून उपयोग नाही, होज बदला.

(दृश्य : सर्वांत खालची फळी उचलली जाते. तळाशी बोटभर पाणी.)

आता तळ. इंग्रजीतला बिल्ज. इथे साचलेलं पाणी कुठून आलं ते कळायला एक जुनी रीत आहे, आणि कॅमेऱ्यासमोर ती करायला कुणी सहसा तयार होत नाही. बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. गोडं लागलं तर टाकी किंवा पाइप, नाहीतर डोलकाठीतून उतरलेला पाऊस. खारट लागलं तर बुडाशी कुठेतरी समुद्र आत येतोय. पाण्यावर रंगीत तवंग असेल तर चाखायच्या भानगडीत पडू नका, इंजिनाकडे जा.

तळातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या बिल्ज पंपाच्या खोक्यावर तासाला किती हजार लिटर ते मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा पाणी उंच चढवावं न लागता, कारखान्यात मोजलेला. नौकेत पाणी वर चढतं, वळणं घेतं, बॅटरी उतरलेली असते. प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा बरंच कमी निघतं. फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, दर आठवड्याला हाताने उचलून पंप सुरू होतोय का बघावं. आणि पंपाच्या जाळीत केस अडकतात, अविश्वसनीय प्रमाणात केस.

(दृश्य : बुडातला कॉक, अगदी जवळून. नखाने खरवडल्यावर धातूचा गुलाबी रंग.)

हा रंग लक्षात ठेवा. नौकेच्या बुडाला जितके पाइप, तितकी भोकं, आणि प्रत्येक भोकावर असा एक कॉक. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. समुद्राच्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे राहतं ते तांब्याचं भुसभुशीत जाळं. वरून कॉक जसाच्या तसा दिसतो. खरवडलं की पिवळ्याऐवजी गुलाबी. असा कॉक एखाद्या दिवशी दांड्यासकट हातात येतो. म्हणून इथे कांसं हवं, जस्त न सोडणारं खास पितळ हवं, किंवा काचतंतू घातलेलं नायलॉन. दुकानदार 'पितळच आहे, चांगलं जाड आहे' म्हणाला तर तो नळ घराच्या बागेत लावा.

पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या वर पाणी आत येतं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा आता पुन्हा आठवा. म्हणून प्रत्येक कॉकशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली असते. लाकूड भिजून फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. खुंटी ड्रॉवरमध्ये असेल तर ती नाहीच असं समजा. कॉक महिन्यातून एकदा तरी उघड-बंद करायचा, नाहीतर गरजेच्या वेळी हलत नाही. होजवर जागा असेल तिथे दोन क्लिपा, आणि त्यांची खालची बाजू आरशात बघायची. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या क्लिपचा स्क्रू कित्येकदा साधाच निघतो.

खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र आता बऱ्याच नौकांत असतं. ते साधारण 55 बार दाबाने समुद्राचं पाणी मीठ अडवणाऱ्या पडद्यातून ढकलतं. पडद्याला क्लोरीन चालत नाही, त्यामुळे बंदरातल्या नळाच्या पाण्याने तो धुवायचा तर मध्ये कार्बन फिल्टर हवाच. मांडवीच्या गढूळ पाण्यात किंवा मुंबई बंदरातल्या तेलकट पाण्यात ते चालवू नका. आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर पडदा टिकवणारं औषध भरून ठेवावं लागतं. यंत्र चांगलंच आहे. पण त्याच्या भरवशावर कॅन किनाऱ्यावर सोडून निघणं मला पटत नाही.

(दृश्य : मांडवीकाठचं यार्ड. समोर दिवाडी बेट. क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली नौका.)

समोरच्या दिवाडीवर 'म्हादेई' आणि 'तारिणी' या 56 फुटी नौका बांधल्या गेल्या. पहिलीतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, दुसरीतून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी. अशा नौका असोत की ही बारा मीटरची, पाण्यात उतरवतानाची रीत सारखीच. नौका तरंगू लागली तरी पट्टे लगेच सोडायचे नाहीत. क्रेनवाला घड्याळ बघत असतो, बघू द्या. एकाने टॉर्च घेऊन खाली जायचं, सगळ्या फळ्या उचलायच्या, एकेक कॉक उघडायचा, होजच्या टोकाला कोरडा हात फिरवायचा, मग पुढचा. संडासाचे दोन, सिंकचा एक, इंजिनाचा एक, कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या, निचऱ्याचे दोन. सगळीकडे हात कोरडा निघाला की वर येऊन क्रेनवाल्याला सांगायचं, सोड. तासाभराने पुन्हा एक फेरी, आणि झोपण्याआधी आणखी एक, कारण काही जॉइंट गळायला वेळ घेतात.